गेलेल्याचा वाटा पहिला

रोज सकाळी सोसायटीच्या खोलीचे कुलूप काढले की वर्षाली आधी संगणकाची पाठ पुसायची. पडदा नाही, कळफलक नाही, पाठ. जिथून वायरी आत शिरतात तिथे रात्रभरात खारी ओल धरलेली असायची. बोट फिरवले तर चिकट लागायचे. कोरड्या सुती फडक्याने ती एकेक खाच टिपून घ्यायची, न्हाऊन आलेल्या मुलाच्या कानामागचे पाणी टिपावे तशी. मग फडके खिडकीच्या गजाला बांधायची आणि बटण दाबायची.

तळाशीलची ती वाडी म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मध्ये वाळूची लांबट पट्टी. तिथे लोखंड टिकत नाही. दाराच्या कड्या, सायकलींच्या साखळ्या, शाळेची घंटा, सगळ्याला खारा वारा हळूहळू खातो. अशा जागी पुण्याच्या एका संस्थेने मच्छीमार सोसायटीला संगणक दिला तेव्हा बायका हसल्या होत्या. एकजण म्हणाली की ह्या पेटीला मिठात घालून ठेवा, म्हणजे सुक्या बांगड्यासारखी वर्षभर पुरेल.

संगणक आला तो दोन हजार सातच्या दिवाळीनंतर. त्याच्यात विंडोज नव्हते, लिनक्स होते. संस्थेचा माणूस म्हणाला की हे फुकट आहे, जगातल्या पुष्कळ लोकांनी मिळून केलेले आहे, आणि आमची अट एवढीच की ह्याच्यावर चोरीचे काही घालायचे नाही. चेअरमन धोंडू, जो वाडीच्या रापणीचाही, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचाही, मुखत्यार होता, त्याला ती गोष्ट आवडली. पुष्कळांनी मिळून ओढायचे आणि पुष्कळांनी वाटून घ्यायचे, ही तर रापणच झाली, असे तो म्हणाला. पण हे यंत्र चालवणार कोण? वाडीत संगणकाचा कोर्स केलेले माणूस एकच होते. ती म्हणजे परशुरामाची मुलगी वर्षाली, आणि ती त्याच वर्षी सासर सोडून आली होती.

तिला इन्सुलीला दिली होती. मूळचे दर्यावरचेच घराणे, पण आजोबाच्या काळात दर्या सोडून काजूच्या बागेत रमलेले. नवरा गुरुदास बिजवर. पहिली बायको हिरा काविळीने गेली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने वर्षालीच्या गळ्यात चांदीचा एक लहानसा टाक बांधला. त्यावर हिराच्या नावाने कोरलेली बाईची आकृती होती. जेवायला बसल्यावर पहिला घास त्या टाकाला लावायचा आणि मग आपण खायचे. वर्षालीला त्यात काही वावगे वाटले नाही. रीत होती. वाटले ते एवढेच, की त्या घरात चूल हिराची होती, कपाट हिराचे होते, परसातली अबोली हिराची होती, आणि वर्षालीचे नाव घेऊन कुणी तिला हाक मारल्याचे तिला आठवत नसे.

माहेरी अर्धा राहिलेला कोर्स पुरा करायला ती एक दिवस न विचारता सावंतवाडीला गेली, परीक्षा देऊन आली. त्या दिवसापासून घर तिच्याशी बोलेनासे झाले. कुणी हात उगारला नाही. ताट वाढलेले असायचे, पाणी भरलेले असायचे, फक्त बोलणे नाही. भात लावून झाला, कापून झाला, तरी नाही. मारले असते तर निदान दाखवायला काही असते, असे तिने आईला पुढे एकदाच सांगितले. शिमग्याला ती माहेरी आली आणि परत गेली नाही.

भाऊ रविकांत वाईट नव्हता. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, घरात बायको, दोन मुले, म्हातारी आई. त्याने बहिणीला घराबाहेर काढले नाही, पण उंबऱ्यावर बसून एकदा स्पष्ट सांगितले.

"तुका काम आसा तवसर रव. काम नसला तर लोकांक मी काय सांगू? आणि तुझ्या घोवाक काय सांगू?"

तेव्हा काम मिळाले हे तिचे नशीब. टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड वाडीत पोचले. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सोसायटीची ती खोली गजबजून गेली. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा बोटीवर. त्यांचे फोटो यायचे. बायका मासळीचे हात पदराला पुसून पडद्यासमोर बसायच्या आणि नातवाच्या गालाला बोट लावायच्या. वर्षाली त्यांची पत्रे टंकायची. होड्या घेऊन दर्यावर जाणारे तांडेल हवामानाचे, ढगांचे चित्र बघायला यायचे, गप्पा मारायचे, तिला नावाने हाक मारायचे. 'वर्षाली, बघ गो जरा.' 'वर्षाली, तां पत्र इला काय?' दिवसभरात किती वेळा. तिला ते पुरत नसे.

मेअखेरच्या एका दुपारी तोंडवळीच्या बाजूला माडावर वीज कोसळली. टेलिफोनच्या तारेवरून ती खोलीत आली असावी. मोडेममधून करपल्याचा वास आला. टेलिफोनवाल्यांनी मोडेम बदलून दिला, लाईन तपासून ठीक असल्याचे सांगितले. पण संगणकाच्या पाठीतले नेटवर्क कार्ड, ज्यात मोडेमची वायर जाते, त्याचा हिरवा दिवा कायमचा विझला होता.

ते फारसे अवघड नाही असे तिला वाटले. ती कुडाळला गेली, दुकानातून नवे कार्ड आणले, स्क्रू काढून जुने उपसले, नवे बसवले. हिरवा दिवा लागला. तिने संस्थेच्या माणसाने लिहून दिलेली आज्ञा टंकली, ईथ झिरो जागे कर. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला असे नाव असते, आणि पुढच्या सगळ्या मांडणीत ते नाव घालून ठेवलेले असते. पडद्यावर उत्तर आले, की असे कुठलेही यंत्र इथे नाही.

तिने पुन्हा टंकले. असे कुठलेही यंत्र इथे नाही.

दिवा तर जळत होता.

संस्थेला फोन केला तर तो माणूस नोकरी सोडून गेला होता. कुडाळच्या दुकानदाराने तिचे म्हणणे ऐकून सांगितले की ड्रायव्हरचा घोळ असणार. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. तो नसला तर दोघे एकमेकांसमोर मुक्यासारखे बसतात. त्याने एक सीडी दिली. सीडीवरचा ड्रायव्हर तयार नव्हता, तो आपल्या यंत्रावर शिजवून घ्यावा लागत होता. शिजवायला घेतला तर भांडी कमी पडली. यंत्राच्या गाभ्याची, कर्नलची, काही पाने हवी होती, ती इंटरनेटवर होती. इंटरनेट हवे तर कार्ड चालायला हवे. कार्ड चालायला इंटरनेट हवे. विहिरीतून कळशी काढायला दोरी हवी आणि दोरी त्या कळशीतच, असा तो प्रकार होता.

जूनमध्ये खाडीला ओढ आली. होडी कधी असे, कधी नसे. होडी नसली की आचऱ्यावरून एसटीचा लांबचा फेरा. मालवणात एक सायबर कॅफे होता, तिथून ती पाने सीडीवर घेऊन आली. त्यांना आणखी काहीतरी हवे होते. ते आणायला पुन्हा गेली. फ्लॉपीवर उतरवून आणावे म्हटले तर फ्लॉप्यांना पावसाळी बुरशी आलेली. प्रत्येक खेपेला वहिनी विचारायची की आज काय सरकारी काम का, आणि उत्तराची वाट न बघता भांडी आपटायची.

त्याच दिवसांत धोंडूने मुदत घातली. तो दारात छत्री झटकत उभा राहिला, आत आला नाही.

"तुझ्या पेटीची सर्दी गेली काय गो?"

ती स्क्रू पिळत राहिली.

"नारळी पुनवेसर बघतंय. रापण सुरू झाली काय माका बर्फाच्या पेट्यांक जागा होयी. तवसर ह्यो तुझो इंटरनेट बोललो तर खोली तुझी. नाय बोललो तर पेटी पुण्याक परत, आणि तू मोकळी."

मोकळी म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होते. रविकांतही ते ऐकून होता. त्याने संध्याकाळी एवढेच म्हटले की इन्सुलीला लावणीला माणूस कमी पडते आहे, असा निरोप आला होता.

मग तिने ध्यासच घेतला. सकाळी पाठ पुसून बसायची ती दिवेलागणीपर्यंत. ड्रायव्हर शिजवायचा, फसायचा, चूक शोधायची. एकदा तो विनातक्रार शिजला. तिने हात जोडून आज्ञा टंकली. असे कुठलेही यंत्र इथे नाही. तिने कार्ड काढून दुसऱ्या खाचेत घातले. नाही. कुडाळच्या दुकानदाराने कंटाळून दुसऱ्या जातीचे कार्ड बदलून दिले. नाही. दार उघडे असायचे, पावसाची झड आत यायची, आणि ती त्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत बसायची. पिंग म्हणून एक आज्ञा आहे. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ येते का बघायचे. ती हाक मारायची. ओ यायची नाही. पुन्हा मारायची. इन्सुलीच्या ओट्यावर बसून तिने असेच महिने काढले होते, आणि तिला वाटले होते की ते मागे टाकून आपण होडीत बसलो.

रुक्मिणीने, तिच्या आईने, कुणाला न सांगता एक दिवस संगणकाची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. तडतडल्या नाहीत म्हणाली, लागलेली आहे फार. वर्षालीला हसू आले नाही. तिने विचारले, "आये, आणखी एकदा काढशीत?"

आणि सोसायटीचा फोन वाजायचा. ती उचलायची, बोला म्हणायची. पलीकडे काही नाही. श्वास, मागे कुठे तरी बैलाच्या गळ्यातली घंटा, आणि बोलणे नाही. बराच वेळ ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहायची. मग पलीकडून फोन ठेवला जायचा. कोण होते ते तिने कुणाला सांगितले नाही.

मालवणच्या कॅफेत तिने एक मेलयादी शोधून काढली होती. जगभरातले लिनक्स वापरणारे तिथे आपली अडचण लिहायचे आणि ओळख ना पाळख, कुणीतरी उत्तर द्यायचे. तिने मोडक्या इंग्रजीत सगळे लिहिले. पुढच्या खेपेला गेली तेव्हा उत्तरे आलेली होती. अमुक करून पाहा, तमुक आज्ञेचे उत्तर पाठवा. यंत्रावरचे कॅफेत न्यायचे साधन नव्हते, म्हणून ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हाताने उतरवून न्यायची. सगळे उतरवणे शक्य नव्हते. जे चुकीचे दिसेल तेवढे उतरवायची. जे बरोबर दिसेल ते सोडायची. उत्तर देणाऱ्यांना त्यातून काही लागेना. हळूहळू त्यांची उत्तरेही थांबली. श्रावण लागला.

वाडीत नारळी पौर्णिमेची तयारी सुरू झाली. होड्यांना रंग चढू लागला. धोंडूने बर्फाच्या पेट्यांवर नावे रंगवायला माणूस लावला. रविकांत जाळी दुरुस्त करत ओसरीवर बसलेला असायचा. ती जाता-येताना तो मान वर करत नसे. एकदा मात्र तिने त्याच्यासमोर बसून सांगितले की मालवणात कुणाच्या दुकानात उभी राहीन, मासळी विकीन, पण मला तिकडे पाठवू नको. त्याने जाळ्यात सुई ओवली.

"तुका थंय कोण मारता?" तो म्हणाला. "खावक-जेवक आसा. लोक माका इचारतत, तुझी भयण कित्याक इली, आणि माझ्याकडे सांगूक काय नाय."

ती उठली आणि खोलीकडे चालू लागली.

पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली असताना तिने शेवटची म्हणून खेप केली. खाडी फुगलेली होती, तरी होडीवाल्याने तिचा चेहरा बघून होडी काढली. कॅफेत एकच नवे पत्र होते. लिहिणारा कुठल्या देशाचा ते तिला कळले नाही. त्याने लिहिले होते की तुम्ही आम्हाला फक्त चुकीचे दाखवता आहात. जे तुम्हाला अगदी बरोबर वाटते आहे तेही पाठवा.

कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलेले सगळे तिच्या पिशवीत होते, न पाठवलेलेही. ती बसून टंकू लागली. यंत्र सुरू होताना पडद्यावरून पळणाऱ्या ओळी. त्यातली एक, की नव्या कार्डाचे ईथ झिरो हे नाव बदलून दुसरे ठेवले. आणि कुठल्याशा कपाटाच्या तळाशी असावी तशी यंत्राच्या पोटात तिला सापडलेली एक छोटीशी फाईल. तिच्यात एकाखाली एक ओळी. सगळ्यात वर, जळालेल्या कार्डाचा नंबर आणि त्याचे नाव ईथ झिरो. त्याच्याखाली कुडाळहून आणलेले पहिले कार्ड, ईथ वन. त्याच्याखाली बदलून आणलेले, ईथ टू.

ही फाईल तिने जूनमध्येच पाहिली होती. तिला ती इतकी बरोबर वाटली की तिने पुन्हा उघडलीही नाही.

कारण तिच्या वाडीत असेच होते. रापणीचे जाळे ओढून झाले, मासळी वाळूवर ओतली की वाटे घालतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक ढीग. तिचा बाप परशुराम दर्यावर गेला तो मिळाला नाही, तेव्हापासून वाटे घालताना धोंडू पहिला ढीग परशुरामाचा घालतो. मग बाकीचे. नवा गडी आला तर त्याचा ढीग शेवटी. पहिल्या ढिगाला हात कुणी लावत नाही. रुक्मिणी येऊन नेईल तेव्हाच तो हलतो. गेलेल्याची जागा आधी, नव्याची मागाहून. वर्षालीला वाटले की यंत्रानेही तेच केले आहे, रीतीने केले आहे. दोष आहे तो त्या थोरल्याला जागे करता येत नाही हा. म्हणून दोन महिने ती त्या पहिल्या नावालाच हाका मारत बसली होती.

उत्तर यायला वेळ लागला नाही. तो परका माणूस त्या वेळी जागा असावा.

त्याने लिहिले होते की तुमच्या यंत्राने मेलेल्या कार्डाची जागा अजून राखून ठेवली आहे. ते नाव त्याचे आहे, म्हणून नव्याला मिळत नाही, आणि तुमची सगळी मांडणी त्या नावाशी बोलते. ड्रायव्हरमध्ये काही बिघाड नाही. तुमचे नवे कार्ड पहिल्या दिवसापासून जिवंत आहे. त्याला कुणी हाक मारलेली नाही, एवढेच. वरची ओळ काढून टाका.

वर्षाली खुर्चीत तशीच बसली. कॅफेवाल्याने पाणी हवे का म्हणून विचारले. तिने मान हलवली. तिचा हात गळ्यातल्या टाकाशी गेला होता.

परतताना होडीत पाणी आले. ती चिंब भिजून सोसायटीच्या खोलीत शिरली, पदर पिळला आणि बसली. फाईल उघडली. वरची ओळ तिच्याने पुसवेना. शेवटी तिने ओळीच्या अगोदर एक खूण घातली. अशी खूण असलेली ओळ यंत्र वाचत नाही, पण ती जातही नाही. मग सगळ्यात खालच्या ओळीतले नाव बदलून ईथ झिरो केले. यंत्र बंद करून चालू केले. पिंग टंकले.

ओ आली.

मग दुसरी आली. तिसरी. एकाखाली एक ओळी येत राहिल्या, समोरच्याने प्रत्येक हाकेला दिलेले उत्तर. ती आज्ञा थांबवायला एक बटण दाबावे लागते. तिने दाबले नाही. बाहेर रंगवलेल्या होड्यांवर ताडपत्र्या फडफडत होत्या, कुणीतरी कुणाला शिव्या घालत होते, आणि ती ओठ घट्ट मिटून त्या ओळी येताना बघत राहिली.

संध्याकाळी कमिटी आली. तिनेच बोलावली होती. धोंडू, चार-पाच जाणती माणसे, रविकांत, आणि दाराशी रुक्मिणी. धोंडूचा पुतण्या प्रितेशही आला होता; गोव्यात हॉटेलात कामाला होता, हल्लीच सोडून आला होता. वर्षालीने ढगांचे चित्र काढून दाखवले. धोंडूने चष्मा लावून कोकणपट्टी शोधली, मालवण शोधले, आणि मनापासून शाबास म्हणाला. लबाडी नव्हती त्यात. एका म्हाताऱ्याने विचारले की ही पेटी दोन महिने मग कुठे गेली होती, इन्सुलीला? सगळे हसले. वर्षालीही हसली.

मग धोंडूने चष्मा काढून खिशात ठेवला.

"आता ह्या चालू झाला म्हणान बरा झाला," तो म्हणाला. "पण हय कायमचो माणूस होयो. आमचो प्रितेश घरीच आसा. तू तेका दाखय सगळा."

तिला आधी नीट कळले नाही. मग ती म्हणाली, "धोंडूआबा, मी आसंय मां हय."

"आज आसस गो. तुझी जागा इन्सुलीक आसा. ती खंय जाता?"

त्याच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. तो समजूत घालत होता. राखून ठेवलेली जागा ही त्याच्या लेखी देणगी होती. तिच्या बापाचा वाटा तो इतकी वर्षे पहिला घालत आला होता, तसेच हे. वर्षालीने रविकांतकडे पाहिले. तो खिडकीच्या गजांकडे बघत होता. तिने आईकडे पाहिले. रुक्मिणीच्या ओठांची हालचाल झाली, पण आत सगळे पुरुष बसले होते, आणि ती दाराबाहेर होती.

"खोली तुझी म्हटल्यात मां तुमी," वर्षाली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"म्हटलंय," धोंडू म्हणाला. "बर्फ दुसरीकडे ठेवतंय. खोली ऱ्हवली. शब्द मोडूक नाय मी."

पौर्णिमेला दर्याला नारळ गेला. सोसायटीच्या खोलीत ढगांचे चित्र बघायला माणसे वाकून वाकून येत होती. वर्षालीने प्रितेशला शिकवले, काही हातचे न राखता. तो हुशार होता, लवकर शिकला. त्या छोट्या फाईलपाशी आल्यावर त्याने विचारले की ही खूण केलेली ओळ कशाची, काढून टाकू का. जुनी आहे, राहू दे, ती म्हणाली.

गुरुदास न्यायला आला. ओसरीवर बसून चहा प्याला, रविकांतशी काजूच्या भावाविषयी बोलला, धोंडूशी पावसाविषयी. वहिनीने वाटेवरचे म्हणून खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या आणि अचानक रडू लागली. नवरा पुढे आणि बायको मागे अशी ती दोघे खाडीकडे निघाली. रविकांतने बॅग उचलली होती. रुक्मिणी सगळ्यांच्या मागे, चपला न घालता.

वर्षाली वाडीत परत आली नाही. सणाला नाही, जत्रेला नाही. सोसायटीच्या फोनवर ती एकदाही बोलली नाही. दोन हजार दहाच्या पावसात भातलावणीच्या चिखलात तिला ताप भरला, आणि सावंतवाडीला न्यायला त्यांनी उशीर केला. इन्सुलीहून निरोप आला तेव्हा प्रितेश खोलीत होता. त्याने तो लिहून घेतला आणि पावसातून धावत जाऊन रुक्मिणीला सांगितला. इन्सुलीत शेवटी ती काय बोलली, कुणाशी बोलली, हे इकडे कुणाला कळले नाही. म्हणून वाडीकडे तिचे जे शेवटचे बोलणे आहे ते त्या दिवशीचे, खाडीवरचे.

भरती लागत होती. गुरुदास होडीत आधीच जाऊन बसला होता, पाठमोरा. वर्षालीने एक पाय होडीत ठेवला, काठावर हात टेकला, आणि मागे वळली. रुक्मिणी गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. ती काहीतरी सांगेल म्हणून आईने मान पुढे केली.

"तू जा गो घराक," वर्षाली म्हणाली. "पेज चुलीर ठेवन इलंय. उतू जायत."